श्वासाने चालणारं चित्र

ऑगस्ट १९९५ मध्ये कॅनडातल्या माँट्रियलच्या समकालीन कलासंग्रहालयात एक कलाकृती मांडली गेली. अंधारी खोली आणि दोन मोठे पडदे. एका पडद्यावर झाडं, पानं, धुकं, पाणी असं काहीतरी सतत हलत होतं, एकमेकांतून आरपार जात होतं. दुसऱ्या, अर्धपारदर्शक पडद्यावर एका माणसाची सावली पडली होती. त्या माणसाच्या डोक्यावर जड हेडसेट होता आणि छातीभोवती सेन्सर लावलेला पट्टा. त्याने श्वास आत ओढला की पहिल्या पडद्यावरचं सगळं जग हळूहळू खाली सरकायचं, कारण त्या जगात तो वर तरंगायला लागलेला असायचा. श्वास सोडला की तो खाली उतरायचा. कणा पुढे कलला की पुढे जायचा, मागे कलला की मागे. हातात काहीच नव्हतं. बटण नाही, दांडा नाही, तारा जोडलेला हातमोजा नाही.

ही कलाकृती म्हणजे शार डेव्हिस या कॅनेडियन चित्रकर्तीचं 'ऑस्मोस'. आभासी अवकाशातल्या कलेवर आज पुष्कळ बोललं जातं आणि बहुतेक बोलणं यंत्रांवर येऊन थांबतं: पडदा किती स्पष्ट, हेडसेट किती हलका, किंमत किती. या माध्यमाची जाहिरातही कायम डोळ्यांच्या नावाने होते. पण गेल्या तीस वर्षांत या माध्यमात जी कामं खरोखर लक्षात राहिली, त्यांच्याकडे पाहिलं तर वेगळंच दिसतं. त्यांनी डोळ्यांना दिपवण्यापेक्षा शरीराच्या दुसऱ्याच एखाद्या भागाला कामाला लावलं. कुणी श्वासाला, कुणी तळपायाला, कुणी कानाला, कुणी खांद्याला. माझ्या मते या कलेची खरी कसोटी तीच आहे, आणि ती समजून घ्यायला 'ऑस्मोस'इतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही.

डेव्हिस मुळात तैलरंगात काम करणाऱ्या. त्यांची नजर बरीच अधू. चष्म्याशिवाय लांबचं जवळपास काहीच धड दिसत नाही. चष्मा काढल्यावर वस्तूंच्या कडा विरघळतात, एक वस्तू दुसरीत मिसळते आणि उरतो नुसता प्रकाश आणि त्याचे थर. हा अनुभव त्यांना उणिवेपेक्षा पाहण्याची एक निराळी रीत वाटला आणि त्यांच्या चित्रांत तो उतरत गेला. कॅनव्हास मात्र सपाट होता. त्या थरांच्या आत शिरायला वाट नव्हती. १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्या माँट्रियलमधल्या सॉफ्टइमेज या नव्या कंपनीत संस्थापक संचालकांपैकी एक म्हणून दाखल झाल्या. 'जुरासिक पार्क'मधल्या डायनासोरांच्या हालचालींसाठी ज्या कंपनीचं सॉफ्टवेअर वापरलं गेलं, तीच ही कंपनी. पुढे १९९४ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती विकत घेतली. म्हणजे त्या काळातली सर्वांत ताकदवान साधनं डेव्हिस यांच्या हाताशी होती. त्या साधनांनी सगळे जण चकचकीत, टणक, धारदार कडांच्या वस्तू घडवत होते. डेव्हिस यांनी त्याच साधनांना धुकं करायला लावलं.

तरंगण्याची कल्पना आली ती समुद्रातून. डेव्हिस पाणबुड्यांच्या पद्धतीने खोल समुद्रात उतरत असत. पाण्याखाली मुरलेला पाणबुड्या वर-खाली होण्यासाठी हातपाय मारत नाही. फुप्फुसात हवा भरली की शरीर किंचित वर येतं, हवा सोडली की खाली जातं. हे तंत्र शिकायला वेळ लागतो आणि ते जमण्यासाठी मन शांत करावंच लागतं, कारण घाबरलेल्या माणसाचा श्वास उथळ होतो आणि त्याचा तोल जातो. नेमकं हेच डेव्हिस यांनी आपल्या कलाकृतीत आणलं. त्या काळच्या आभासी जगात फिरण्याची रूढ पद्धत होती बोट रोखायचं आणि त्या दिशेने सुटायचं. समोरची वस्तू पकडायची, फेकायची, नाहीतर उडवायची. 'ऑस्मोस'मध्ये पकडण्यासारखं काही नव्हतंच. घाईने आत आलेला माणूस पहिली काही मिनिटं धडपडत असे. पुढे जायचा, थांबायचा, काहीतरी शोधायचा. मग श्वास लांब होत जाई, हालचाली मंदावत, आणि तेव्हा कुठे ते जग त्याच्यासमोर उलगडायला लागे.

सुरुवात होई एका रित्या त्रिमितीय जाळीने, म्हणजे आलेखाच्या कागदावरच्या रेघा चहूबाजूंनी पसरल्यासारख्या. पहिल्या काही श्वासांबरोबर ती जाळी विरून जाई आणि मोकळ्या जागेत एक झाड उभं दिसे, अर्धपारदर्शक, आतून उजळलेलं. त्याच्या पानात शिरता येई. बाजूला तळं होतं, त्याच्या तळाशी अथांग काळोख होता. जंगल होतं, ढग होता, जमिनीखाली मुळांचं आणि खडकांचं जग होतं. या सगळ्यांना ठाम सीमा नव्हत्या; एकातून दुसऱ्यात जाताना काही काळ दोन्ही एकदम दिसत. सगळ्याच्या तळाशी आणखी एक थर होता, ज्यात या कलाकृतीच्या संगणकीय आज्ञावलीच्या ओळी हिरव्या अक्षरांत तरंगत असत. सर्वांत वर तत्त्वज्ञांची आणि कवींची निसर्ग, शरीर, अवकाश यांबद्दलची वचनं होती. निसर्ग मधे, यंत्राची भाषा खाली, माणसाची भाषा वर. रचना अगदी विचारपूर्वक केलेली. ध्वनी तर विलक्षणच होता. किडे, पाखरं, पाणी यांचा भास करून देणारे सगळे आवाज एका पुरुषाच्या आणि एका स्त्रीच्या कंठातून घेतलेल्या नमुन्यांवर संगणकाने संस्कार करून तयार केले होते. ऐकणाऱ्याला हे कळत नसे, पण त्या जंगलात माणसाच्या गळ्याची ऊब होती.

पंधरा मिनिटांनी ते जग आपोआप मागे मागे जाई आणि मिटे. बाहेर आल्यावर काही जण रडले. काहींनी मृत्यूची भीती कमी झाल्यासारखं वाटलं असं लिहून ठेवलं. अशा प्रतिक्रियांवर मी सहसा पटकन विश्वास ठेवत नाही. नव्या यंत्राचं नवल माणसाला सहज भारावून टाकतं. पण इथे एक साधी शारीरिक गोष्ट घडत होती. पंधरा मिनिटं माणूस सावकाश, खोल श्वास घेत होता, आणि प्रत्येक श्वासाचं फळ त्याला डोळ्यांसमोर दिसत होतं. प्राणायाम करणाऱ्याला लांब श्वासाने मन निवतं हे सांगावं लागत नाही. डेव्हिस यांनी त्या श्वासाला अवकाश दिला.

शरीर अशा जगावर विश्वास का ठेवतं? आपल्या दोन डोळ्यांत साधारण सहा-साडेसहा सेंटीमीटरचं अंतर असतं, त्यामुळे प्रत्येक डोळ्याला किंचित वेगळं दृश्य दिसतं आणि त्या फरकावरून मेंदू खोली ओळखतो. हेडसेट दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं दाखवतो. पण एवढंच असतं तर ते जुन्या स्टिरिओस्कोपच्या पुढे गेलं नसतं. खरी किमया पुढची आहे: मान वळली की चित्रही तेवढंच, त्याच क्षणी बदलायला हवं. अमेरिकी संशोधक आयव्हन सदरलंड यांनी १९६८ मध्ये डोक्यावर घालायचा जो पडदा बनवला, त्यात दिसायचं काय, तर नुसत्या रेषांचा घन. डोकं कुठे आहे हे मोजणारा दांडा छतापासून थेट यंत्रापर्यंत खाली आलेला असे, म्हणून त्याला 'डॅमोक्लिसची तलवार' असं टोपणनाव पडलं. चित्र अगदी गरीब होतं, तरी तो घन खोलीत असल्यासारखा वाटायचा, कारण डोकं हललं की तो त्यानुसार बदलायचा. चित्र किती हुबेहूब आहे यापेक्षा ते माझ्या हालचालीला किती इमानाने उत्तर देतं, याला शरीर जास्त किंमत देतं. मान वळणं आणि चित्र बदलणं यांत साधारण वीस मिलिसेकंदांहून जास्त उशीर झाला की बिनसायला लागतं.

बिनसतं म्हणजे मळमळतं. कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळणारं इंद्रिय असतं. डोळे सांगतात आपण पुढे चाललोय आणि ते इंद्रिय सांगतं आपण जागच्या जागी आहोत. घाटात एसटीत बसून मोबाइलवर वाचताना नेमकं याच्या उलट होतं, पण पोट ढवळतं ते त्याच भांडणामुळे. म्हणून आभासी जगात वेगाने पळवणाऱ्या कलाकृती बहुतेकांना सोसत नाहीत. 'ऑस्मोस' सोसायचं, कारण तिथली हालचाल मंद होती आणि ती प्रत्यक्ष छातीच्या आणि कण्याच्या हालचालीतून जन्मत होती.

आता करणाऱ्याच्या बाजूने पाहू. १९४९ मध्ये छायाचित्रकार ग्यॉन मिली दक्षिण फ्रान्समधल्या व्हालोरीस या गावी पिकासोंना भेटायला गेले. अंधाऱ्या खोलीत पिकासोंच्या हाती छोटा दिवा दिला आणि कॅमेऱ्याची झडप उघडी ठेवली. पिकासोंनी हवेत रेषा ओढली, झपाट्याने, आणि छायाचित्रात बैल, नरअश्व असे आकार प्रकाशाच्या एका सलग रेषेत उमटले. ती छायाचित्रं गाजली. पण गंमत अशी की पिकासोंनी काढलेली ती रेषा त्रिमितीय होती. हात पुढे-मागेही गेला होता. कॅमेऱ्याने ती सपाट केली, एका बाजूने दिसली तेवढीच टिपली. त्या रेषेला वळसा घालून मागून पाहणं कुणालाच शक्य नव्हतं, पिकासोंनाही नाही.

ते शक्य झालं टिल्ट ब्रशमुळे. पॅट्रिक हॅकेट आणि ड्रू स्किलमन या दोघांनी हे सॉफ्टवेअर सुरू केलं, २०१५ मध्ये गूगलने ते घेतलं आणि २०१६ मध्ये ते लोकांच्या हाती आलं. एका हातातल्या कंट्रोलरवर रंगांची पाटी तरंगते, दुसऱ्या हातातला कंट्रोलर म्हणजे कुंचला. कळ दाबून हात हलवला की हवेत पट्टी उमटते आणि तिथेच राहते. मनगट फिरवलं की पट्टीलाही पीळ पडतो. मग चालत तिच्या मागे जायचं, वाकून खालून पाहायचं, वाटलं तर डोकं आत घालायचं.

कागदावर वर्षानुवर्षं हात बसलेल्या माणसाची इथे पहिली ठोकर ठरलेली. समोरून नीट मिटलेलं वर्तुळ काढावं आणि बाजूला जाऊन पाहावं तर त्याची दोन टोकं वीतभर लांब राहिलेली असतात. कागद हा फक्त आधार नसतो, तो खोलीचा प्रश्न चित्रकाराच्या वतीने सोडवून टाकतो; इथे तो प्रश्न प्रत्येक रेषेला नव्याने सोडवावा लागतो. शिवाय हाताला टेकू नाही. कागदाचा खरखरीतपणा, पेन्सिलीचा दाब, तळहाताखालचं टेबल यांतलं काहीच नाही. रेषा खांद्यातून येते, कमरेतून येते, आणि मोठा आकार काढायचा तर चालावं लागतं. थोड्याच वेळात दंड भरून येतात. म्हणूनच या माध्यमात चित्रकारांपेक्षा शिल्पकार आणि नर्तक लवकर रुळतात, असं मला वाटतं. त्यांना अवकाश अंगाने मोजायची सवय असते.

या सॉफ्टवेअरची मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट पटकन लक्षात येत नाही. त्यात साठवलं जातं ते तयार झालेलं चित्र नसतं, हाताचा प्रवास असतो. प्रत्येक क्षणी हात कुठे होता, कोणत्या कोनात होता, कळ किती दाबली होती आणि वेळ काय होती, हे सगळं फायलीत राहतं. त्यामुळे चित्र पुन्हा उघडलं की ते ज्या क्रमाने काढलं गेलं त्याच क्रमाने आपल्याभोवती उमटत जातं. चित्रकाराने आधी काय काढलं, कुठे थांबला, कुठली रेषा एका दमात आली, हे पाहणाऱ्याला दिसतं. रियाजाच्या खोलीत बसायला मिळावं, तसा हा अनुभव आहे.

ग्लेन कीन यांचं उदाहरण यात बोलकं आहे. डिस्नेच्या 'द लिटल मर्मेड' (१९८९) मधली एरिअल ही जलपरी ज्यांच्या पेन्सिलीतून जिवंत झाली, ते हे अ‍ॅनिमेटर. २०१५ मध्ये त्यांनी हेडसेट चढवून टिल्ट ब्रशमध्ये एरिअल पुन्हा काढली, पूर्ण मापाची, आणि ते करतानाची छोटी ध्वनिचित्रफीतही आली. त्यात पाहण्यासारखं आहे ते त्यांचं अंग. ते तिच्याभोवती फिरतात, वाकतात, हात लांबवून केसांची लाट ओढतात. आयुष्यभर टेबलाशी बसून काम केलेला माणूस उभा राहून, सगळ्या अंगाने चित्र काढतो आहे.

रेषेच्या याच क्रमावर एक अख्खा लघुपट उभा राहिला. ऑक्युलस स्टोरी स्टुडिओचा 'डिअर अँजेलिका' जानेवारी २०१७ मध्ये सनडान्स महोत्सवात दाखवला गेला. वारलेल्या अभिनेत्री आईची आठवण काढणाऱ्या मुलीची ही कथा. वेस्ली ऑल्सब्रुक यांनी ती सगळी हेडसेटच्या आत राहून हाताने रेखाटली, आणि त्यासाठी इनिगो किलेझ यांनी क्विल नावाचं खास साधन बनवलं. आठवण जशी तुकड्यातुकड्याने येते तशा इथे रेषा एकामागून एक उमटतात आणि त्यातून आईचा चेहरा आणि दवाखाना आकाराला येतात. तंत्र आणि आशय यांची अशी गाठ क्वचित बसते. त्याच वर्षी मे महिन्यात तो स्टुडिओ बंद झाला.

लॉरी अँडरसन आणि तैवानचे ह्सिन-च्येन ह्वांग यांचं 'चॉकरूम' २०१७ मधलंच. व्हेनिस महोत्सवात त्याला पारितोषिक मिळालं. काळ्या भिंती, त्यांवर खडूने लिहिलेली अक्षरं आणि चित्रं, हवेत उडणारा खडूचा भुगा, आणि त्यातून उडत जाणारे आपण. संगणकाने केलेल्या जगाला इतका हाताचा, मळका पोत देणं हे मोठ्या कलावंताचं काम आहे. एवढं म्हणून मी पुढे जातो, कारण तळपायांबद्दल लिहायचं आहे.

दिग्दर्शक आलेहांद्रो गोन्सालेस इन्यारितू यांचं 'कार्ने इ आरेना' २०१७ च्या कान महोत्सवात मांडलं गेलं. मेक्सिकोतून अमेरिकेत शिरू पाहणाऱ्या स्थलांतरितांची ही रात्र. प्रेक्षक एका वेळी एकच. आधी त्याला एका थंडगार खोलीत बसवतात, सीमेवर पकडलेल्या लोकांना ठेवतात तशा खोलीत, आणि बूट-मोजे काढायला लावतात. आजूबाजूला सीमेवर सापडलेले बूट-चपला पडलेल्या असतात. मग दार उघडतं आणि अनवाणी पाय खऱ्या वाळूवर पडतात. हेडसेटमध्ये वाळवंट, पहाट व्हायच्या आधीचा उजेड, थकलेली माणसं, मग हेलिकॉप्टर, दिवे, कुत्री, बंदुका. आभासी दृश्य साडेसहा मिनिटांचं आहे. अखेरीस एक बंदूक आपल्यावरही रोखली जाते. या कामाला अकादमीने खास ऑस्कर दिलं. असं खास ऑस्कर त्याआधी 'टॉय स्टोरी'ला मिळालं होतं.

इथे एक वाद आहे आणि त्यात मला बाजू घ्यायची आहे. २०१५ मध्ये ख्रिस मिल्क या दिग्दर्शकाने आभासी वास्तवाला करुणा जागवणारं यंत्र म्हटलं. जॉर्डनमधल्या झातारी छावणीतल्या सिद्रा या बारा वर्षांच्या सीरियन मुलीवरचा 'क्लाउड्स ओव्हर सिद्रा' हा लघुपट त्याचं उदाहरण होता. दावा असा की हेडसेट घातला की आपण दुसऱ्याच्या जागी उभे राहतो आणि त्याचं दुःख आपल्याला कळतं. मला हे पटत नाही. साडेसहा मिनिटांत कुणी निर्वासित होत नाही. 'कार्ने इ आरेना' थोर आहे ते यासाठी की ते तसा दावाच करत नाही. तिथे प्रेक्षक स्थलांतरित नसतो, तो त्यांच्यात फिरणारी अदृश्य छाया असतो. कुणाच्या शरीराच्या फार जवळ गेलं तर आत धडधडणारं काळीज दिसतं, आणि बस्स, त्यापलीकडे जाता येत नाही. वाळू मात्र खरी असते आणि पाय गार पडतात. जेवढं शरीराला खरंच देता येतं, तेवढंच ते काम देतं.

अशीच सचोटी 'नोट्स ऑन ब्लाइंडनेस' (२०१६) मध्ये आहे. बर्मिंगहॅममध्ये शिकवणारे धर्मशिक्षणाचे प्राध्यापक जॉन हल १९८० च्या दशकात पूर्ण अंध झाले आणि त्या बदलाची दैनंदिनी त्यांनी ध्वनिफितींवर बोलून ठेवली. हेडसेटमध्ये त्यांचा तोच आवाज ऐकू येतो. भोवती अंधार असतो आणि ज्या वस्तूचा आवाज होतो तेवढीच वस्तू निळसर ठिपक्यांत उजळते: वारा आला की झाड, पावलं वाजली की माणूस. आवाज थांबला की ती विझते. पाऊस पडायला लागला की अंगण, पन्हळ, कुंपण सगळं एकदम दिसायला लागतं, कारण पाऊस प्रत्येक वस्तूवर वाजतो. बघण्याचं यंत्र डोळ्यांवर बांधून कानाने पाहायला शिकवणारं हे काम आहे, आणि अंधत्वाबद्दल ते कीव मागत नाही.

हेडसेट घालून चारी दिशांना पाहता येणारे सगळेच चित्रपट या जातीचे नसतात. ज्यांना आपण ३६० अंशांचे चित्रपट म्हणतो, त्यांत कॅमेरा एका जागी उभा असतो. मान फिरवता येते, पण पुढे वाकून जवळ जाता येत नाही. शरीराला दिलेली मुभा कमी. तरी एक जबाबदारी त्यातही येते: कुठे पाहायचं हे दिग्दर्शक ठरवत नाही, आपण ठरवतो. मुंबईच्या मेमेसिस कल्चर लॅबने २०१६ मध्ये एल्सव्हीआर या नावाखाली असे माहितीपट आणले. त्यातला खुशबू रांका यांचा 'राइट टू प्रे' त्र्यंबकेश्वरच्या मंदिरात प्रवेशाचा हक्क मागणाऱ्या स्त्रियांवर आहे. अशा विषयाला ही रीत शोभते, कारण तिथे अडवणारे, जाणाऱ्या आणि नुसतं बघत उभे असलेले असे सगळेच लोक प्रेक्षकाच्या भोवती असतात, आणि कुणाकडे पाठ करायची ते त्यालाच ठरवावं लागतं.

या कलेचा सर्वांत मोठा दोष म्हणजे एकटेपणा. एका वेळी एक माणूस, बाहेर रांग, आणि आत गेलेल्याचा चेहरा यंत्राने झाकलेला. डेव्हिस यांनी दुसरा पडदा लावला तो यासाठीच, की बाहेर बसलेल्यांना आतल्या माणसाची सावली आणि त्याचा प्रवास दोन्ही दिसावेत. एकाचं तरंगणं दहा जणांनी मिळून पाहावं. जेफ्री शॉ आणि सेरा केंडरडाइन यांनी 'प्लेस-हंपी' (२००६) मध्ये हेडसेटच काढून टाकला. मोठा गोल पडदा, मध्ये फिरता चौथरा, त्यावर काही माणसं उभी, डोळ्यांवर फक्त खोली दाखवणारे साधे चष्मे. चौथऱ्यावरचा एक जण तो फिरवतो आणि प्रोजेक्टरची चौकट पडद्यावर सरकत जाते. हंपीतले दगड, मंडप, नदीकाठ, जॉन गोलिंग्ज यांनी टिपलेली त्रिमितीय विहंगम दृश्यं एकेक करून उघडतात. मधूनच त्या खऱ्या अवशेषांत अ‍ॅनिमेशनने आणलेले देव वावरताना दिसतात. हंपीला जाणारा भाविक दगडाबरोबर कथाही पाहत असतो, हे या कलावंतांनी ओळखलं. ही कलाकृती जगभर फिरून शेवटी हंपीच्या जवळच, बळ्ळारी जिल्ह्यातल्या विद्यानगरच्या कलाधाम संग्रहालयात कायमची स्थिरावली. हंपीला जाणाऱ्या मराठी प्रवाशांची संख्या मोठी आहे. त्यांनी तिथवर वाट वाकडी करावी.

हेडसेटशिवायची आणखी एक वाट चीनच्या त्साओ फेई यांनी शोधली. सेकंड लाइफ या सर्वांसाठी खुल्या आभासी जगात त्यांनी 'आरएमबी सिटी' नावाचं अख्खं बेट वसवलं, २००९ मध्ये ते लोकांना खुलं केलं. बेभान वाढणाऱ्या चिनी महानगराचं ते रूप: गगनचुंबी इमारती, स्मारकं, क्रेन, पाण्यात तरंगणाऱ्या मूर्ती. त्याला महापौर होते, समारंभ होते, प्रदर्शनं होती. स्वतः त्साओ तिथे 'चायना ट्रेसी' या नावाने वावरत. २०११ मध्ये ते शहर बंद झालं. आता उरल्या आहेत त्या चित्रफिती.

आणि टिकण्याचा हा प्रश्न सगळ्याच कामांच्या मुळाशी आहे. अजिंठ्यातले रंग दीड हजार वर्षं भिंतीला धरून आहेत. 'ऑस्मोस' ज्या सिलिकॉन ग्राफिक्सच्या ओनिक्स संगणकावर चालायचं, त्या कंपनीचं दिवाळं २००९ मध्ये निघालं. हेडसेटची एक पिढी जाते आणि तिच्यासाठी लिहिलेली कलाकृती पुढच्या पिढीवर आपोआप चालत नाही. कुणालातरी ती पुन्हा लिहावी लागते, आणि त्यात वेग बदलतो, रंग बदलतात, श्वासाला मिळणारं उत्तर बदलतं. इथे हस्तलिखिताची नक्कल करून भागत नाही. म्हणून या क्षेत्रात कोड खुलं ठेवणं ही जतनाचीच गोष्ट आहे. जानेवारी २०२१ मध्ये गूगलने टिल्ट ब्रशचं काम थांबवलं, पण जाता जाता त्याचं कोड सर्वांना खुलं केलं. त्यातून स्वयंसेवी मंडळींनी ओपन ब्रश उभं केलं, ते आजही वाढतं आहे आणि फुकट मिळतं. त्यामुळे त्या सॉफ्टवेअरमध्ये काढलेली हजारो चित्रं आज उघडता येतात, आणि त्यांतल्या रेषा आजही पहिल्या क्रमाने उमटतात.

महाराष्ट्रातल्या आणि गोव्यातल्या कलामहाविद्यालयांना यातून काही करता येईल आणि ते फार खर्चाचंही नाही. एक हेडसेट, ओपन ब्रश आणि साधारण दहा फूट लांब-रुंद रिकामी खोली एवढ्यावर सुरुवात होते. फक्त तो हेडसेट संगणक विभागाच्या कपाटात कुलूपबंद करू नका. तो शिल्पकला विभागात, मातीच्या शेजारी ठेवा, आणि पहिल्यांदा त्या मुलामुलींच्या हाती द्या ज्यांचे हात आकार घडवायला सरावलेले आहेत.